पॅव्हेलियनच्या बाहेरचा चहा

अमेरिकेत बेसबॉलच्या बऱ्याच टीम्सचा स्वतःचा असा 'हॉल ऑफ फेम' असतो. सिनसिनाटी रेड्सचा तर १९५८ पासून चालू आहे. आपल्याकडे हा शब्द फारसा चालत नाही, पण वानखेडेच्या स्टँडची नावं वाचा. विजय मर्चंट, गावसकर, तेंडुलकर, वेंगसरकर... मे २०२५ मध्ये त्यात रोहित शर्मा आणि अजित वाडेकर आले. (त्याच दिवशी शरद पवारांच्या नावाचाही स्टँड झाला. त्यांनी किती विकेट्स काढल्या ते विचारू नका.) म्हणजे मुंबईचा हॉल ऑफ फेमच की हा!

या यादीत मला एक नाव सापडत नाही. बाळू पालवणकर.

आता कोण हे, असं विचाराल. मलाही इंजिनिअरिंग संपेपर्यंत माहीत नव्हतं. डावखुरे स्पिनर, जन्म १८७६. चर्मकार समाजातलं कुटुंब, वडील लष्करात. पूना क्लबमध्ये बाळूंना महिना ४ रुपयांवर काम मिळालं : पिचवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि नेट्समध्ये साहेब लोकांना बोलिंग टाकायची. बॅटिंग करायला मिळायची नाही, ते साहेबाचं काम. ग्रेग नावाचा गोरा बॅट्समन त्यांना तासन् तास बोलिंग टाकायला लावायचा, आणि आऊट केलं की आठ आणे द्यायचा म्हणे. (क्रिकेटर म्हटलं की मी सरळ अरेतुरे करतो, सचिनलासुद्धा. बाळूंना काही जमत नाही बुवा.)

पुढे पुण्याच्या हिंदू टीमला युरोपियनांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना घेतलं. खेळायला घेतलं हं, पंगतीला नाही! मैदानात चेंडू एकच, तो सगळ्यांनी हातात घ्यायचा. टी-टाइम झाला की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर, मातीच्या कपात चहा पीत. जेवायचं ताटही वेगळं. ही गोष्ट १८९० च्या दशकातली.

आम्ही अलिबागकडचे, म्हणून मला इथे महाड आठवल्याशिवाय राहत नाही. आमचा रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, पण ठराव कागदावरच. प्रत्यक्ष ओंजळीत पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाळूंचा मातीचा कप त्याच्या तीसेक वर्षं आधीचा.

असो. बाळू मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ ला पतियाळाच्या महाराजांच्या कॅप्टनशिपखाली टीम इंग्लंडला गेली. टीम बेक्कार हरली, पण बाळूंनी सगळ्या मॅचेस धरून ११४ विकेट्स काढल्या. परत आल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला.

एवढं करूनही हिंदू टीमची कॅप्टनशिप? छे! १९२० मध्ये तर बाळूंना टीममधूनच वगळलं, आणि धाकट्या विठ्ठललाही डावलून कॅप्टन दुसराच केला. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल दोघांनीही खेळायला नकार दिला. पेपरात गाजलं, जिमखान्याला नमतं घ्यावं लागलं. फायनलला बाळू व्हाइस-कॅप्टन होते. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला आणि टीम जिंकली. तोवर बाळूंचं वय निघून गेलं होतं.

बाळू राजकारणातही उतरले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत चक्क डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभं केलं. आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. आज त्यांचं नाव मागे पडलं त्यात या निकालाचाही वाटा असावा असं माझं मत. काँग्रेसला पुढे त्यांची गरज राहिली नाही, आणि आंबेडकरांना मानणाऱ्यांना ते आपले वाटणं कठीण. १९५५ मध्ये ते गेले.

'टेस्ट एकही खेळले नाहीत ना', असं लगेच कोणीतरी म्हणेल. अहो, भारताची पहिली टेस्टच १९३२ ची! तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. फर्स्ट क्लासमधले आकडे आहेत की : ३३ मॅचेस, १७९ विकेट्स, सरासरी पंधराच्या आसपास.

अमेरिकेतही हाच घोळ होता. काळ्या खेळाडूंच्या लीग्ज वेगळ्या. १९७१ मध्ये सॅचेल पेजला कूपरस्टाउनच्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं ठरलं, तेही आधी वेगळ्या विभागात! (पुन्हा तो मातीचा कप.) ओरड झाली तेव्हा कुठे बरोबरीने घेतलं. आणि मे २०२४ मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ च्या त्या लीग्जचे आकडे आपल्या अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले. आमच्या भाषेत, दोन डेटाबेस मर्ज केले. रिझल्ट काय, तर बॅटिंग सरासरीत इतकी वर्षं पहिला असलेला टाय कॉब दुसरा झाला आणि वर जोश गिब्सन आला, .३७२.

आपल्याकडे मर्ज करायला तेवढंही काम नाही. बाळूंच्या विकेट्स आधीपासूनच फर्स्ट क्लास रेकॉर्डमध्ये आहेत. फक्त एक पाटी रंगवायची आहे. ज्या जिमखान्यासाठी ते खेळले तो मरीन ड्राइव्हवर आहे, वानखेडेपासून चालत दहा-पंधरा मिनिटं.