पावणेचार पट चित्र

कॅनन, शार्प, सोनी आणि जेव्हीसी या चार जपानी कंपन्यांनी २००३ साली एक संयुक्त संकेत जाहीर केला. त्याचे नाव एच.डी.व्ही. सामान्य गृहस्थाच्या हातातील कॅमेऱ्याने हाय डेफिनिशन चित्र टिपावे, तेही बाजारात मिळणाऱ्या त्याच छोट्या मिनी-डीव्ही फितीवर, असा या संकेताचा आशय होता. अशा कागदाकडे तहाच्या कागदाप्रमाणे पाहावे लागते. सवलत कोणाला मिळाली हे ठळक अक्षरांत असते. तिची किंमत कोण भरणार, हे शोधून काढावे लागते. येथे ती किंमत कॅमेऱ्याने भरली नाही, फितीनेही भरली नाही. ती भरली घरातल्या टेबलावरील संगणकाने, आणि पर्यायाने त्याच्या मालकाने.

आधीची स्थिती समजल्याखेरीज हे ध्यानात यायचे नाही. डीव्ही हा संकेत १९९५ सालचा. सोनीचा व्हीएक्स-१००० हा कॅमेरा त्याच वर्षी आला, आणि कॅमेऱ्यातील चित्र जसेच्या तसे संगणकात उतरवणारी फायरवायर ही जोडणीही त्याच वर्षी प्रमाणित झाली. पुढे १९९९ साली ॲपलने आयमॅक डीव्ही या यंत्राबरोबर आयमूव्ही हा संपादनाचा प्रोग्राम दिला, आणि जे काम तोवर लाखो रुपयांच्या यंत्रसामग्रीवर होत असे ते दिवाणखान्यात होऊ लागले. डीव्हीचा मोठा गुण असा की, त्यातील प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण असे. कोठेही कापावे, कोठेही जोडावे. संगणकाला मागचापुढचा विचार करावा लागत नसे. तासाभराच्या चित्रीकरणाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागे, आणि त्या काळी कुरकुर असायची ती एवढ्या जागेचीच. प्रोसेसरविषयी फारशी तक्रार नव्हती.

आता नव्या संकेताचे गणित पाहा. आपल्याकडील पॅल पद्धतीत डीव्हीचे एक चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचे असे. एच.डी.व्ही.चे मोठ्या आकाराचे चित्र १४४० गुणिले १०८०, म्हणजे १५,५५,२०० बिंदूंचे. भागाकार तंतोतंत पावणेचार येतो. फीत मात्र तीच, तिची गती तीच, आणि दर सेकंदाला तिच्यावर मावणारी माहितीही तीच, अडीच कोटी बिट. पावणेचार पट चित्र तेवढ्याच फितीत बसवायचे कसे?

युक्ती वाण्याच्या वहीसारखी होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकानातील साऱ्या मालाची मोजदाद लिहावी आणि नंतर रोज फक्त आलेला व गेलेला माल नोंदवावा, तसे दहा-पंधरा चित्रांच्या गटात पहिले चित्र तेवढे संपूर्ण. बाकीच्यांत फक्त फरक. एमपेग-२ या नावाची ही पद्धत डीव्हीडीत आधीपासून होती. वही पहिल्या पानापासून वाचत गेले तर तीत अडचण काहीच नाही. पण संपादन म्हणजे वही मधूनच उघडणे. बारा तारखेची शिल्लक हवी तर एक तारखेपासून बेरीज-वजाबाकी करत यावे लागते. आणि येथे तर काही नोंदी पुढच्या पानावरील नोंदींच्या आधारे लिहिलेल्या असतात. एक चित्र कापण्यासाठी संगणकाला दहा चित्रे उलगडावी लागू लागली. फितीवर धूळ बसून क्षणभर खंड पडला, तर डीव्हीत एखादा चौकोन बिघडे; एच.डी.व्ही.त तो खंड गटभर पसरून अर्ध्या सेकंदाचे चित्र जाई. मुलाचे पहिले पाऊल पडायला अर्धा सेकंद पुरतो.

सोनीचा एचसी-१ हा कॅमेरा २००५ साली अमेरिकेत सुमारे २,००० डॉलरला मिळू लागला आणि हा प्रश्न घरोघर पोचला. कॅमेरा आणला, फीत भरली, ती संगणकात उतरवली, आणि पडद्यावर चित्र अडखळत चालू लागले. आता काय बदलायचे? संपूर्ण नवे यंत्र घेण्याची ऐपत थोड्यांची. बाकीच्यांना एकच भाग निवडायचा होता, आणि येथेच पुष्कळांचे पैसे वाया गेले.

पहिला संशय हार्डडिस्कवर गेला. जुन्या अनुभवाने तोच शिकवला होता: चित्र मोठे, म्हणजे डिस्क वेगवान हवी. दोन डिस्कांवर एकच माहिती अर्धी-अर्धी वाटून वेग वाढवण्याची पद्धत तेव्हा फार बोलबाल्याची होती. परंतु अडीच कोटी बिट म्हणजे सेकंदाला जेमतेम ३ मेगाबाइट, आणि त्या काळची साधी डिस्क याच्या दसपटीहून अधिक वेगाने वाचत असे. डिस्क रिकामटेकडी बसली होती, आणि दुसरी रिकामटेकडी तिच्या सोबतीला आणली गेली. शिवाय दोहोंपैकी एक बिघडली की दोन्हींवरचे सारे गेले!

दुसरा संशय ग्राफिक्स कार्डावर. दुकानदाराला हा संशय विशेष प्रिय, कारण ती वस्तू महाग. पण ती कार्डे खेळांसाठी घडलेली होती. संपादनाचे बहुतेक घरगुती प्रोग्राम त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. तिसरा उपाय रॅम वाढवण्याचा. तो काही अंशी खरा होता, पण त्याला कुंपण होते. घरोघरचे विंडोज एक्सपी ३२ बिटांचे. त्याला ४,२९,४९,६७,२९६ पत्त्यांपलीकडे मोजताच येत नसे. म्हणजे ४ गिगाबाइट, आणि त्यातलेही काही इतर भागांसाठी राखून ठेवलेले. एका प्रोग्रामच्या वाट्याला साधारणतः २ गिगाबाइट येत. आठ घातले तरी चार वाया.

खरा अडथळा प्रोसेसरचा होता, आणि नेमका तेथेच कारखानदारांचा मार्ग खुंटला होता. पेंटियम ४ चा वेग वाढवत नेण्याचे इंटेलचे धोरण उष्णतेपुढे हरले. ४ गिगाहर्ट्झचा संकल्प कंपनीने २००४ च्या ऑक्टोबरात सोडून दिला. मग एकाच तुकड्यावर दोन गाभे बसवण्याची दिशा आली. जुलै २००६ मधील कोअर २ ड्युओने एच.डी.व्ही.चा प्रश्न बराचसा सोडवला. जानेवारी २००७ मध्ये क्यू-६६०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर आला, आणि त्याच जुलैत त्याची किंमत २६६ डॉलरवर उतरली. माझ्या मते घरगुती संपादनाच्या इतिहासात कोणत्याही कॅमेऱ्याहून या किंमत-कपातीचे महत्त्व अधिक आहे.

पण तोवर कॅमेऱ्यांनी पुन्हा उडी घेतली होती! सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ साली ए.व्ही.सी.एच.डी. हा संकेत पुढे आणला. फीत गेली, डिस्क व मेमरी-कार्ड आले. आकुंचनाची पद्धत एच.२६४, जागा आणखी कमी, हिशेब कितीतरी अधिक किचकट. एच.डी.व्ही. सहज पेलणारे यंत्र या नव्या फायलींपुढे पुन्हा धापा टाकू लागले.

अशा वेळी ज्यांनी नवे काही विकत न घेता मार्ग काढला, त्यांचे मला अधिक कौतुक वाटते. वहीच्या उपमेत सांगायचे तर त्यांनी रात्रभर बसून प्रत्येक तारखेची पूर्ण मोजदाद नव्या वहीत उतरवून घेतली. ॲपलने आपल्या प्रोग्रामांत अशी मध्यस्थ रचना दिली होती; सिनेफॉर्म ही दुसरी. फाईल तिप्पट-चौपट फुगे, पण कापणे-जोडणे सोपे होई. आणि गंमत पाहा, आधी निरुपयोगी ठरलेली मोठी, वेगवान डिस्क या वाटेने जाणाऱ्याला खरोखरच उपयोगी पडली. दुसरी वाट प्रतिनिधी-प्रतींची: लहान, अंधुक प्रतींवर सारे काम करावे आणि शेवटी त्यांच्या जागी मूळ चित्रे बसवावीत. जुन्या यंत्रावर ती बिनबोभाट चाले.

आमच्याकडे या निवडीला आणखी एक पदर होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्रीच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग निवडून संगणक जोडून घेण्याची चाल होती. तेव्हा एकच भाग बदलणे आपल्या गिऱ्हाइकाला परके नव्हते. पण लग्नाचे चित्रीकरण करणारा तालुक्याच्या गावचा छायाचित्रकार प्रोसेसरआधी बॅटरीचा विचार करी. त्या वर्षांत महाराष्ट्रात कित्येक तासांचे भारनियमन असे. अंतिम चित्र तयार व्हायला सहा तास लागणार आणि वीज चार तासांनी जाणार, हे गणित परदेशी मासिकांत कोठेही दिलेले नसे. वेगवान प्रोसेसर त्याच्यासाठी चैन नव्हती. वीज जाण्यापूर्वी काम उरकण्याचे ते साधन होते.

ग्राफिक्स कार्डाचा काळ उजाडला तो २०१० साली. ॲडोबीने प्रीमियर सीएस-५ हा प्रोग्राम केवळ ६४ बिटांसाठी काढला, आणि एनव्हिडियाच्या काही निवडक कार्डांवर त्यातले रंगसंस्कार व चित्रांचे मिश्रण विलक्षण वेगाने होऊ लागले. निवडक म्हणजे किती निवडक? मान्य कार्डांची नावे एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेली होती. लोकांना ती सापडली. त्यांनी आपल्या स्वस्त कार्डाचे नाव तीत लिहून टाकले, आणि कित्येकांचे काम चालले. जानेवारी २०११ पासून इंटेलने प्रोसेसरमध्येच एच.२६४ चा खास विभाग बसवला, आणि हळूहळू तो हिशेब कोणाच्या खिजगणतीतही राहिला नाही. आज तो खिशातला फोन करतो.

राहिल्या त्या फिती. त्या काळात संगणक पेलत नाही म्हणून संपादन पुढे ढकललेल्या, साखरपुड्याच्या, बारशाच्या, आता हयात नसलेल्या माणसांच्या आवाजाच्या फिती कपाटांत पडून आहेत. त्या उतरवायला चालू स्थितीतला कॅमेरा आणि फायरवायरची खाच लागते, आणि आजच्या नव्या संगणकांवर ती खाच मिळत नाही. म्हणून माळ्यावर टाकलेले ते पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे यंत्र, ज्याचा एकेक भाग बदलण्यासाठी घरात वाद झाले होते, भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याच्या पाठीमागची बाजू एकदा पाहून घ्यावी. खाच तेथे असेल.