शिशाचं पेट्रोल : एकच चिवटपणा, दोन वाटा

हुशार माणसाच्या हातून मोठं नुकसान झालं की आपण पटकन म्हणतो, 'तो मुळातच दुष्ट होता.' आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो तसा नव्हता. म्हणून तर त्याची गोष्ट सांगायची.

थॉमस मिजली हा अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतला इंजिनिअर. त्या काळी मोटारीच्या इंजिनात इंधन अवेळी पेटायचं आणि ठोके पडायचे. मिजलीने काही वर्षं एकामागून एक पदार्थ पेट्रोलमध्ये घालून पाहिले. डिसेंबर १९२१ मध्ये उपाय सापडला : टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं संयुग. जिज्ञासा, चिकाटी, नवं करून बघायची हौस, सगळे गुण होते त्याच्यात.

आता पुढे बघा. शिसं विषारी आहे हे तेव्हा नवीन नव्हतं. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजलीला शिशाची बाधा झाली. हवापालटासाठी तो फ्लोरिडाला गेला. अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात, हे त्याला ठाऊक होतं. पण अल्कोहोल कोणीही बनवू शकतं. शिशाच्या संयुगावर पेटंट मिळत होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्टासारखे होऊन मरण पावले. तेव्हा मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतलं, हुंगून दाखवलं. काही होत नाही, बघा! १९२५ च्या वॉशिंग्टनमधल्या परिषदेत हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी कडक विरोध केला. तरी विक्री पुन्हा सुरू झाली.

आता दुसरा माणूस. क्लेअर पॅटरसन, भूरसायनशास्त्रज्ञ. शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय त्याने काढलं, सुमारे ४५५ कोटी वर्षं. हे मोजताना नमुन्यात सारखं बाहेरचं शिसं मिसळायचं. त्याने प्रयोगशाळा घासून घासून स्वच्छ केली. आकडा मिळाल्यावर तो थांबू शकला असता. पण त्याने विचारलं, हे शिसं येतं कुठून? समुद्राचं पाणी तपासलं, ग्रीनलंडचा बर्फ तपासला. उत्तर मोटारींच्या धुराकडे बोट दाखवत होतं. १९६५ मध्ये त्याने ते जाहीरपणे मांडलं. तेल उद्योगाकडून मिळणारा संशोधनाचा पैसा बंद झाला, तरी तो हटला नाही.

मानसशास्त्रज्ञ दोन गोष्टी वेगळ्या धरतात : मुद्दाम इजा करण्यासाठी वापरलेली कल्पकता, आणि इजेचा हेतू नसताना इजा करणारी कल्पकता. मिजली दुसऱ्या प्रकारात बसतो, असं माझं मत. चिवट दोघंही होते. फरक एवढाच, की अडचणीचा पुरावा समोर आला तेव्हा मिजलीची जिज्ञासा तिथे थांबली आणि पॅटरसनची तिथून सुरू झाली.

भारतात शिशाचं पेट्रोल बंद झालं २००० मध्ये. जगात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये. शंभर वर्षं! त्या काळात रस्त्याकाठी वाढलेल्या मुलांनी हा धूर श्वासात घेतला, आणि शिसं वाढत्या मेंदूलाच सर्वाधिक बाधतं. तुमच्या-माझ्यातले कित्येक जण त्यांतलेच.

म्हणून कोणी नवी कल्पना घेऊन आलं, तर तो किती हुशार आहे हे जरूर बघा. पण त्याला तोट्याबद्दलही विचारा, आणि तो त्या प्रश्नाचं काय करतो ते नीट बघा.