शोधायचं कोणी?

महाराष्ट्रातून अमेरिकेत जाणाऱ्या आईबापांच्या मनात हुशार मुलाची वाट पक्की असते. चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपला शाळाच मुलं बसवायची, आणि पुण्यात १९६९ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीच्या प्रशालेची प्रवेशपरीक्षा सगळ्यांना माहीत होती. तिकडे अशी एक वाट नाही. ‘गिफ्टेड’ मुलांसाठी वर्ग चालवलेच पाहिजेत, असा देशभराचा कायदा अमेरिकेत नाही. राज्य बदललं, डिस्ट्रिक्ट बदललं की नियम बदलतात. मग नवख्यांना सल्ला मिळतो, की चौकशी करा. सल्ला खरा आहे, पण हुशार मूल शोधण्याचं काम आईबापांच्या चौकशीवर सोडणं हीच मुळातली चूक आहे.

या चुकीआधी आणखी एक चूक होती, ती भाषेची. कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या ९ मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीतून घेतली गेली आणि त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं. तीच चाचणी स्पॅनिशमधून घेतल्यावर बहुतेक मुलं त्या वर्गाच्या मर्यादेबाहेर निघाली. मुलं तीच, फक्त प्रश्न समजले. १९७० साली न्यायालयीन तडजोडीत घरच्या भाषेतून चाचणी घेण्याचं शासनाला कबूल करावं लागलं. पण चाचणीची भाषा सुधारली तरी चाचणीपर्यंत कोण पोचतं, हा प्रश्न उरलाच.

त्याचं उत्तर फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत मिळालं. तिथे आधी गिफ्टेड वर्गासाठी शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवावं लागे. ऐपत असलेले पालक खासगी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून आणत. २००५ साली दुसरीतल्या सगळ्याच मुलांना चाळणी चाचणी दिली गेली. आकृत्यांच्या नक्षीतला एक तुकडा गायब, दिलेल्या तुकड्यांतून योग्य तो उचलायचा. शब्दांचं काम जवळपास नाहीच. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा गरीब, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं मोठ्या संख्येने पुढे आलेली दिसली. यासाठी पात्रतेची पट्टी खाली आणली असेल, अशी शंका कोणी घेईल. पण पट्टी होती तिथेच होती. ही मुलं आधीही त्याच बाकांवर बसत होती, त्यांचं नाव कोणी सुचवलं नव्हतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंटसारख्या, प्रवेशपरीक्षेने मुलं निवडणाऱ्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतरितांच्या मुलांनी भरल्या. मग जिद्द असेल तर वाट सापडतेच ना? पण तिथली परीक्षा उघड आहे, १९७१ पासून तर कायद्यानेच ठरलेली, आणि ती देणारी मुलं तेरा-चौदा वर्षांची असतात. तोवर कुटुंबाला शहर उमगलेलं असतं, शेजारपाजारी आणि नातेवाईक माहिती देतात. गेल्याच वर्षी विमानातून उतरलेल्या सात वर्षांच्या मुलीला ही सवड मिळत नाही. ब्रॉवर्डमध्ये ही उणीव चाळणीने भरून काढली होती. पुढे मंदीत पैसे कमी पडले, चाळणी बंद झाली, आणि जुनी दरी पुन्हा तेवढीच रुंद झाली.