पाळण्यातले वजन आणि पन्नाशीतली साखर

वाचकहो, मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या शेठजींचा आजार आणि हृदयविकार मुंबई-पुण्याच्या साहेबलोकांचा, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्याने जन्मभर औत हाकले, ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला, त्याला कसली साखर आणि कसला रक्तदाब, असे आपण म्हणत आलो. आता मात्र अंबडसारख्या तालुक्याच्या गावीही दवाखान्याच्या रांगेत अंगाने काटकुळा, उन्हाने रापलेला शेतकरी साखरेची गोळी मागताना दिसतो. तो विचारतो, "डॉक्टरसाहेब, माझ्या अंगावर मूठभर मांस नाही. मग मला हे कसं झालं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता वैद्यकशास्त्राने गेल्या पाऊणशे वर्षांत बरीच वाट चालली. त्या वाटेवरचा एक मोठा टप्पा तर आपल्या महाराष्ट्रातल्याच सहा खेड्यांत आहे. त्याचीच हकीगत आज सांगायची आहे.

आधी दोन आकडे ध्यानात घ्या. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशात मधुमेहाची पाहणी केली, तेव्हा खेड्यांत शंभरी दीड माणसाला हा आजार आढळला. त्याच परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खेड्यांतले प्रमाण शंभरी नऊच्या घरात गेले. देशभर मिळून सुमारे दहा कोटी मधुमेही आणि शंभर प्रौढ माणसांत पस्तीस जणांना वाढता रक्तदाब, असा तो हिशेब निघाला. मोजण्याच्या रीती मधल्या काळात बदलल्या हे खरे, पण एवढा फरक काही नुसत्या रीतीने पडत नाही.

हा रोग आपल्याला नवा नाही, बरं का. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले. एक 'सहज', म्हणजे जन्माबरोबर आलेला. दुसरा अपथ्याने, म्हणजे चुकीच्या आहारविहाराने ओढवलेला. पहिल्यातला रोगी कृश असतो आणि दुसऱ्यातला स्थूल, हेही त्याने नोंदवून ठेवले. उपाय हाती यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन हा रस वेगळा काढला. १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मरणपंथाला लागलेल्या मुलाला तो टोचला आणि तो मुलगा तगला. पण रोग मुळात होतो का, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

हृदयविकाराच्या बाबतीत हा 'का' पद्धतशीरपणे विचारला तो अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावाने. १९४८ साली तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी त्यांना पुन्हा बोलवायचे, रक्तदाब पाहायचा, रक्त तपासायचे आणि कोणाला हृदयविकार होतो ते टिपून ठेवायचे. या धिम्या, चिकाटीच्या कामातून जगाला कळले की वाढता रक्तदाब, रक्तातला कोलेस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ आणि तंबाखूचा धूर हे हृदयाचे वैरी आहेत. ते ज्ञान आजही खरे आहे. तरीही आपल्या काटकुळ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून पुरते मिळत नाही.

ते मिळू लागले एका अनपेक्षित ठिकाणी, ते म्हणजे जुन्या दप्तरात! इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन इथले डॉ. डेव्हिड बार्कर हे नकाशे ताडून पाहत होते. १९२१ ते २५ या काळात ज्या भागांत तान्ही मुले अधिक दगावली, त्याच भागांत पन्नास वर्षांनंतर हृदयविकाराने अधिक माणसे मरत होती. श्रीमंतीचा म्हणून गाजलेला आजार गरिबांच्या वस्तीत! हे त्यांनी १९८६ साली मांडले. मग त्यांना जुन्या जन्मनोंदी हव्या होत्या. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली सुइणी आणि परिचारिका घरोघर जात. बाळाचे जन्माचे वजन आणि ते वर्षाचे झाल्यावरचे वजन त्या वहीत लिहीत. त्या वह्या जपून राहिल्या होत्या. बार्करांनी त्या वह्यांतल्या ५,६५४ पुरुषांचा पुढे काय शेवट झाला ते शोधले. वर्षाचे असताना ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत जड बाळांच्या अडीचपट भरले. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. कोण्या एका सुईणीने तराजूत बाळ घातले, आकडा नीट लिहिला आणि सत्तर वर्षांनी त्या आकड्याने शास्त्राला वाट दाखवली.

याला दुजोरा मिळाला हॉलंडमधून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी त्या देशाच्या पश्चिम भागाची रसद तोडली. धडधाकट माणसाला दिवसाला हजार उष्मांकांहूनही कमी अन्न मिळू लागले. त्या उपासमारीत जी बाळे आईच्या पोटात होती, त्यांची पन्नाशीच्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये तपासणी झाली. त्यांच्या शरीराला साखर पेलत नव्हती. दुष्काळ सहा-सात महिन्यांत सरला, पण शरीर तो विसरले नव्हते.

असे का व्हावे? आपण शेतकरी माणसे, आपल्याला हे चटकन उमगेल. पेरणी झाली, रोप वर आले आणि ऐन वाढीच्या वेळी पावसाने ताण दिला, तर ते रोप कसे वागते? मिळेल त्या ओलीवर तग धरते, पण त्याची वाढ खुंटते. पुढे खत घाला, पाणी सोडा, गेलेले दिवस परत येत नाहीत. बाळाचेही तसेच आहे. पोटात पोषण कमी पडले की शरीर आधी मेंदू वाचवते. स्वादुपिंड, मूत्रपिंड, यकृत, स्नायू यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. हेच स्वादुपिंड पुढे इन्सुलिन तयार करते. त्याचे भांडवलच तोकडे असेल, तर पोटभर गोडधोड, तेलतूप मिळू लागल्यावर ते किती दिवस पुरे पडणार?

आता पुण्याकडे वळू. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना अगदी हाच प्रश्न पडला होता. आपल्याकडचे मधुमेही गोऱ्या लोकांच्या मानाने तरुण आणि सडपातळ का? १९९३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातली सहा खेडी निवडली. ही शेतीवर जगणारी, अवर्षणाची सवय असलेली गावे. तिथल्या सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद केली. त्यांतल्या ज्यांना दिवस गेले त्यांचे खाणे, काम, रक्त, वजन सारे पाहिले आणि बाळ जन्मताच मोजले.

या मातांचे सरासरी वजन होते ४२ किलो आणि उंची पाच फूट. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो. साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. म्हणजे आपले बाळ तब्बल पाऊण किलोने हलके. पण खरे आश्चर्य पुढेच आहे. हे हलके बाळ सगळीकडून सारखे हलके नव्हते. त्याचे स्नायू कमी होते आणि पोटातली इंद्रिये लहान होती. पाठीवरची, खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली होती. दिसायला किडकिडीत, पण आत चरबी सांभाळणारे हे बाळ 'थिन-फॅट' या नावाने जगभर ओळखले जाऊ लागले. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. युडकिन यांनी एक गंमतीचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांच्या उंची-वजनाचे प्रमाण अगदी सारखे, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिनसाहेबांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसे आतून किती निराळी असतात, पाहा!

या सहा खेड्यांनी आणखी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली अशी : ज्या माता दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे चांगली भरली. नुसती पोटभर भाकर आणि भात याने तो फरक पडला नाही. दुसरी अशी : गरोदरपणात ज्यांना शेतातली व घरातली जड कामे अधिक करावी लागत, त्यांची बाळे हलकी निपजली. पुढे असेही दिसले की जवळजवळ दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात 'ब-१२' हे जीवनसत्त्व कमी होते. हे दूध, अंडी, मासे आणि मटण यांतून मिळते, भाजीपाल्यातून नाही. ज्यांच्यात हे कमी आणि फॉलिक आम्ल जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले होते. याचा अर्थ आरोग्यसेविकेने दिलेल्या गोळ्या टाळाव्यात असा मुळीच नव्हे. गोळीबरोबर वाटीभर दूधदहीही पोटात गेले पाहिजे, एवढाच याचा अर्थ. २०१२ साली याच सहा खेड्यांतली, आता वयात आलेली मुलेमुली घेऊन त्यांना लग्नाआधीच ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. कारण बाळाची तयारी आईच्या नवव्या महिन्यात करून भागत नाही. ती मुलगी शाळेत असतानाच करावी लागते.

मुंबईच्या झोपडवस्तीतही असाच एक प्रयोग झाला. स्त्रियांना दिवस जाण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ दिला गेला. तो खाल्लेल्या स्त्रियांत गरोदरपणातला मधुमेह शंभरी सात निघाला आणि ज्यांना साधा खाऊ मिळाला त्यांच्यात शंभरी बारा. औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसता खाऊ!

दिल्लीच्या पाहणीने दुसरी बाजू दाखवली. १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्या तिथल्या मुलांची लहानपणापासून वजने घेतलेली होती. मोठेपणी त्यांतल्या दीड हजार जणांना तपासले. तान्हेपणी रोडावलेली, पण दोन वर्षांनंतर झपाट्याने वजन वाढत गेलेली, अशांनाच मधुमेह अधिक होता. तेव्हा हडकुळ्या मुलाला पुढे बिस्किटे, गोळ्या, तळलेले पदार्थ चारून गुबगुबीत करणे ही त्याची सेवा नव्हे.

आता हे सारे अंबडच्या मातीत आणून पाहा. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांना आजही काल घडल्यासारखा आठवतो. तेव्हा अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. विहिरी आटल्या, ढोरे दावणीला मेली. लोक खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीकामाला गेले. परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती आणि त्यांत बायका थोड्या नव्हत्या. डोक्यावर पाटी आणि पोटात बाळ. त्या वर्षी ज्या मुलांनी पोटातच दुष्काळ सोसला, त्यांनी आज पन्नाशी ओलांडली आहे.

आणि मधल्या काळात जग पालटले. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली सुरू झाले. डाव्या कालव्याचे पाणी अंबड तालुक्यात खेळले, गोदाकाठी ऊस उभा राहिला. पाण्यासाठी मैल तुडवणारे पाय मोटारसायकलवर बसले. ही भरभराट चांगलीच आहे, ती कोणी नको म्हणणार नाही. पण दुष्काळात घडलेल्या शरीराच्या वाट्याला सुकाळाचे ताट आले, की पुण्याच्या खेड्यांनी आणि हॉलंडने जे दाखवले त्याची आठवण ठेवलेली बरी. यात कोणाचा दोष नाही आणि हे कपाळावरचे लिखितही नाही. अशी माणसे अधिक सावध राहिली की झाले. वय तिशीपुढे गेले की प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. पोट सुटू देऊ नका, तंबाखू सोडा, रोज चाला. अंगाने बारीक आहे म्हणून मला काही होत नाही, हा भरवसा मनातून काढून टाका.

आणि पुढच्या पिढीचे काय? आपल्या घरांतली एक रीत बदलावी लागेल. बाई सर्वांच्या शेवटी जेवते आणि पातेल्यात उरेल ते खाते. दुभते घरात असते, पण दूध डेअरीला आणि चहाला जाते. "बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल, जरा कमीच खा," असे सासूबाई मायेपोटी सांगतात. माया खरी, पण सल्ला चुकीचा. गरोदर सुनेच्या ताटात पालेभाजी, डाळ, दूधदही, परवडेल तर अंडे आणि आपल्याकडच्या मोसंबीची एखादी फोड आधी पडली पाहिजे. पाण्याची घागर आणि गवताचा भारा त्या महिन्यांत दुसऱ्या कोणीतरी उचलला पाहिजे.

गुरुजनांना एक विशेष विनंती. अंगणवाडी ताईंच्या वहीत बाळाचे जन्मवजन असते आणि अडीच किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे मानतात. ते आकडे गावकऱ्यांना उलगडून सांगा. शाळेत मुलामुलींची उंची आणि वजन दरवर्षी घेऊन जपून ठेवा. आठवी-नववीतल्या मुलींच्या डब्यात काय आहे, तेही सहज विचारत चला. हर्टफर्डशायरच्या सुइणींना ठाऊक नव्हते की आपली वही सत्तर वर्षांनी कोणी उघडेल. आपल्याला ते ठाऊक आहे. म्हणून ताईंची आणि तुमची वही नीट लिहिली जावी आणि त्यातले हलके आकडे वर्षागणिक कमी होत जावेत, यासाठी गावाने हातभार लावावा. इन्सुलिनची सुई पन्नाशीत हाती घेण्यापेक्षा वाटीभर दूध पंधराव्या वर्षी मुलीच्या हाती देणे केव्हाही स्वस्त.