दोनशे डॉलरचं यंत्र आणि ओलं गोणपाट

गावाबाहेर पडणाऱ्या जवळजवळ कुठल्याही रस्त्यावर हे दृश्य दिसतं. पत्र्याची शेड, शेजारी खडीचे आणि कचेचे ढीग, एक खडखडणारं यंत्र आणि मोकळ्या जागेत ओळीनं मांडलेले राखाडी ठोकळे. बाहेर पाटी असते : 'सिमेंट ब्लॉक मिळतील'. कारखाना म्हणावा असं तिथं फारसं काही नसतं, आणि या धंद्याचं आकर्षणही तेच आहे. विटांसारखी माती मळायला नको, भट्टी लावायला नको, ऐन भट्टीत वळवाचा पाऊस आला तर काय, ही धास्ती नको. साचा, सिमेंट, खडी, पाणी आणि चार माणसं. रस्त्याकडेला पाच-दहा गुंठे जागा असलेल्या तरुणाला वाटतं, एवढं तर आपल्यालाही जमेल.

मंडळी, सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही पुष्कळांना असंच वाटलं होतं. त्यांच्या बाबतीत पुढं काय घडलं, ते आज सांगायचं आहे.

सिमेंटच्या ठोकळ्यांची घरं त्याआधीही इंग्लंड-अमेरिकेत तुरळक बांधली गेली होती. पण ठोकळा भरीव असायचा. उचलताना दोन माणसं लागणार आणि मिश्रण घट्ट होईपर्यंत साचा अडकून पडणार. दिवसभरात शंभर ठोकळे हवे असतील तर शंभर साचे हवेत. अशानं धंदा होत नाही. हार्मन पामर नावाच्या एका खटपट्या माणसानं यावर दहाएक वर्षं घालवली. शिकागोत 1897 मध्ये काही घरं बांधून आपला ठोकळा आजमावून पाहिला आणि 1900 मध्ये यंत्राचं पेटंट मिळवलं. यंत्र ओतीव लोखंडाचं होतं. त्याच्या कडा उघडत आणि मधला गाभा ओढून काढता येई. ओलसर मिश्रण भरायचं, धुम्मस मारून ठासायचं, गाभा काढायचा, कडा उघडायच्या, ठोकळा फळीवर उचलून बाजूला ठेवायचा आणि लगेच पुढचा भरायचा. ठोकळा पोकळ, म्हणून हलका. माल कमी लागतो आणि भिंतीत हवेची पोकळी राहते ती वेगळीच. 1902 मध्ये पामरनं कंपनी काढली. यंत्राची किंमत दोनशे डॉलर होती आणि पहिल्या वर्षात अशी सुमारे चारशे यंत्रं खपली.

ही युक्ती त्याच सुमारास का चालली, तर त्याचं उत्तर सिमेंटमध्ये आहे. फिरत्या भट्ट्या आल्या आणि अमेरिकेत पोर्टलंड सिमेंटचा पूर लोटला. 1890 मध्ये त्या देशात जेमतेम साडेतीन लाख पिंपं सिमेंट बनत होतं. 1900 मध्ये ते 85 लाख पिंपांपर्यंत पोचलं आणि 1910 मध्ये साडेसात कोटींच्या वर गेलं. एका पिंपात साधारण 170 किलो सिमेंट असे. सिमेंट गावोगावच्या रेल्वे स्टेशनवर मिळू लागल्यावर पामरच्या यंत्राला अर्थ आला. तेच यंत्र पंचवीस वर्षं आधी निघालं असतं, तर कुठल्या तरी गोदामात गंजत पडलं असतं.

मग नक्कल सुरू झाली. थोडा फेरफार करून डझनावारी कंपन्यांनी आपापली यंत्रं काढली. सीअर्स रोबक ही टपालानं माल विकणारी मोठी पेढी. घड्याळापासून नांगरापर्यंत सगळं तिच्या सूचीपत्रात मिळायचं. तिनं चाळीस-पन्नास डॉलरांच्या घरातलं हातयंत्र विकायला ठेवलं. शेतकऱ्यानं ते मागवावं, आपल्याच शेतातल्या ओढ्याची वाळू घ्यावी आणि गोठ्याचे ठोकळे स्वतःच पाडावेत. उरलेल्या वेळात शेजाऱ्याला विकावेत. 1905 च्या सुमारास अमेरिकेत ठोकळे बनवणारे उद्योग दीड हजारांच्या घरात असावेत, असा अंदाज केला जातो. बहुतेक अगदी लहान. मालक, एखादा भाऊ किंवा मुलगा आणि एक मजूर.

या ठोकळ्याचा चेहरा कसा असे, तेही गमतीचं आहे. साच्याची दर्शनी पट्टी बदलता येई आणि सगळ्यांत जास्त मागणी होती ती टाकीचे घाव असलेल्या दगडासारख्या दिसणाऱ्या पट्टीला. वास्तुशिल्पी मंडळी नाकं मुरडत. दगड असेल तर दगड दाखवा, सिमेंटनं दगडाचं सोंग का घ्यावं, असा त्यांचा सवाल. लोकांनी त्यांचं ऐकलं नाही. आपल्याकडेही गिलाव्यावर रेघा ओढून दगडी बांधकामाचा भास करणारे गवंडी होतेच की. ज्याला दगडाचं घर परवडत नाही त्याला ते निदान दिसावं तरी, ही इच्छा काही फार चुकीची नाही. फक्त सोंग घेणारा ठोकळा आतून पक्का हवा.

आणि गाडं तिथंच अडलं. दोष यंत्राच्या मुळाशीच होता, म्हणून तो जरा नीट समजून घेऊ.

साचा लगेच मोकळा करायचा, तर मिश्रण कोरडसर हवं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये इतपतच ओलावा. जास्त पाणी घातलं की गाभा काढताच ठोकळा बसतो. म्हणजे यंत्राचा वेग कमी पाण्यावर चालतो. पण सिमेंटची गरज नेमकी उलटी. आपण सहज म्हणतो, 'सिमेंट वाळलं'. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होऊन ते घट्ट होतं. पाणी उडून गेलं की ती क्रिया थांबते. तेव्हा साच्यात जे पाणी देता आलं नाही, ते ठोकळा बाहेर आल्यावर द्यावंच लागतं, तेही पुढं बरेच दिवस, सावलीत, गोणपाट ओलं ठेवून. हे न केलेला ठोकळा दिसायला अगदी तसाच दिसतो. फरक कळतो तो कोपरा नखानं खरवडल्यावर, नाही तर पहिल्या पावसाळ्यात.

सूचीपत्र वाचून धंद्यात उतरलेल्यांना हे कोणी सांगितलेलं नसे, किंवा सांगितलं तरी पाळायला सवड नसे. यंत्र घेतलेलं, त्याचे पैसे वळते व्हायचे. मग सिमेंट कमी घाल, चाळणी न करता माती मिसळलेली वाळू घाल, दोन दिवसांत ठोकळा गाडीवर चढव. भिंतींतून पाणी झिरपू लागलं, कोपरे झडू लागले, ठोकळ्याच्या बांधकामाचं नाव खराब झालं. ज्यांनी प्रामाणिकपणे चौदा-चौदा दिवस पाणी मारलं, त्यांचाही माल त्याच बदनामीत सापडला. मला यातला हा भाग सर्वांत क्लेशकारक वाटतो. वाईट ठोकळा स्वस्त विकला जातो आणि चांगल्या ठोकळ्याचं गिऱ्हाईक घेऊन जातो.

सप्टेंबर 1904 मध्ये 'म्युनिसिपल इंजिनिअरिंग' या मासिकाचे संपादक चार्ल्स ब्राउन यांनी लिहिलं, की या क्षेत्रात काही शिस्त आणायची तर एक संघटना हवी. जानेवारी 1905 मध्ये इंडियानापोलिस शहरात मंडळी जमली आणि सिमेंट वापरणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 1913 मध्ये तिनं नाव बदललं : अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट. आज जगभरचे स्थापत्य अभियंते पूल आणि गगनचुंबी इमारतींच्या संदर्भात या संस्थेची मानकं उघडतात. तिचा जन्म झाला तो मात्र गल्लीबोळातल्या कच्च्या ठोकळ्यांपायी.

पुढं धंदा गाळला गेला. जे टिकले, त्यांत मिशिगनमधल्या अल्पिना गावचं बेसर कुटुंब होतं. त्यांचा व्यवसाय लाकडाचा. त्या भागातली जंगलं तुटत आल्यावर बापलेकांनी 1904 मध्ये ठोकळ्यांच्या यंत्राकडे मोर्चा वळवला आणि ते नाव आजही या यंत्रांच्या दुनियेत आहे. धुम्मस मारून ठासण्याच्या जागी नंतर यंत्रानं हादरे देऊन मिश्रण बसवण्याची पद्धत आली. पेनसिल्व्हेनियातल्या फ्रान्सिस स्ट्रॉब यांनी 1917 मध्ये भट्टीतल्या कोळशाची जळकी खडी वापरून हलका ठोकळा बनवण्याचं पेटंट घेतलं. काल जे उकिरड्यावर जात होतं, त्याला भाव आला.

आपल्याकडे ही गोष्ट बरीच उशिरा सुरू झाली, आणि कारण पुन्हा सिमेंटच. 1914 मध्ये पोरबंदरला सिमेंटचा कारखाना चालू झाला. पण स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं सिमेंट नियंत्रित होतं. घरासाठी चार पोती हवी असली तरी परमिट काढावं लागे. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत, त्यांना परमिटसाठीचे हेलपाटे आठवत असतील. सिमेंटवाटपाच्या वादातून, उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, जानेवारी 1982 मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनाही पद सोडावं लागलं. अशा काळात रोज दहा पोती सिमेंट लागणारा धंदा सामान्य माणसानं कुठून काढावा? फेब्रुवारी 1982 अखेर नियंत्रण अंशतः उठलं आणि मार्च 1989 मध्ये पूर्णपणे. त्यानंतर मात्र गोणी दुकानात, दुकान कोपऱ्यावर, अशी स्थिती आली. अमेरिकेत 1900 च्या सुमारास जे झालं, ते आपल्याकडे नव्वदीत झालं म्हणा ना.

त्यातच 30 सप्टेंबर 1993 ची पहाट उजाडली. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराच्या, दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. 52 गावं नव्या जागी वसवली गेली आणि त्या पुनर्वसनात अनेक ठिकाणी पोकळ काँक्रीट ठोकळ्यांची घरं उभी राहिली. लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या कितीतरी गवंड्यांच्या हाती हा ठोकळा तेव्हाच पहिल्यांदा आला असेल. योगायोग असा, की भूकंपानंतर दोनच दिवसांनी, 2 ऑक्टोबरला, सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. ती 2008 मध्ये नव्या रोजगारनिर्मिती कार्यक्रमात विलीन झाली. अशा योजनांच्या प्रकल्प अहवालांत सिमेंटचे ठोकळे ही ओळखीची नोंद आहे. 1999 मध्ये औष्णिक वीज केंद्रांच्या राखेबाबत केंद्र सरकारची अधिसूचना निघाली आणि एकलहरे, परळी, कोराडी, चंद्रपूर अशा केंद्रांच्या आसपास राखेच्या विटा आणि ठोकळे करणारे उभे राहिले. स्ट्रॉब यांची जळकी खडी जाडीभरडी होती, ही राख पिठासारखी बारीक. पण टाकाऊतून भिंत उभी करण्याची कल्पना तीच.

आता आपल्या आजच्या ब्लॉकवाल्याच्या हिशेबाकडे येऊ. भारतीय मानक 2185, जे 1979 आणि 2005 मध्ये सुधारलं गेलं, त्याच्या पहिल्या भागात काँक्रीटच्या ठोकळ्यांचे नियम आहेत. ठोकळे किमान 14 दिवस सतत ओले ठेवावेत आणि त्यानंतर चार आठवडे वाळू द्यावेत, असं ते सांगतं. चार आठवडे कशासाठी, तर ओला ठोकळा भिंतीत गेला की तिथं आकसतो आणि गिलाव्याला भेगा पडतात. भार पेलणाऱ्या पोकळ ठोकळ्याची ताकद आठ नमुन्यांच्या सरासरीनं मोजतात. सगळ्यांत खालच्या प्रतीलाही दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 35 किलो भार पेलावा लागतो.

हे सगळं पाळायचं म्हणजे सहा आठवडे झाले. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला तीनशे ठोकळे काढणाऱ्याच्या आवारात कुठल्याही क्षणी दहा हजारांवर ठोकळे नुसते पडून राहणार. त्यात सिमेंट गेलेलं, मजुरी गेलेली, डिझेल गेलेलं. पैसा मात्र सुटलेला नाही. कर्जाचा हप्ता पहिल्या तारखेला येतोच. यंत्राची किंमत प्रकल्प अहवालात ठळक अक्षरांत असते. धंदा बुडतो तो बहुधा या पडून राहिलेल्या दहा हजारांपायी. मग मोह होतो. एका गोणीत वीस ठोकळे काढायचे तिथं तीस काढावेत, चौथ्या दिवशीच ट्रॅक्टर भरावा. ठेकेदारही घाईत असतो, तोही काही विचारत नाही. विचारू शकतो तो फक्त घर बांधणारा, आणि त्याला बिचाऱ्याला ठोकळा म्हणजे ठोकळा एवढंच ठाऊक.

म्हणून ठोकळे घ्यायला जाल तेव्हा यंत्र कुठल्या कंपनीचं, हे विचारत बसू नका. थप्पीवर खडूनं किंवा रंगानं तारीख लिहिली आहे का, ते पाहा. पाण्याची टाकी कुठं आहे, पाइप थप्पीपर्यंत पोचतो का, वर सावली आहे का, ते पाहा. दोन ठोकळे एकमेकांवर आपटून आवाज ऐका. खणखणीत यायला हवा, बद्द नको. आणि निघता निघता सहज विचारा, साप्ताहिक सुटीच्या दिवशी इथं पाणी कोण मारतं?