मऊ तोंडाची परीक्षा

गेल्या आषाढात आमच्या बाबूने शेतातून एक पाणकोंबडी तोंडात धरून आणली आणि तो उंबऱ्यावर सासूबाईंच्या पुढ्यात येऊन बसला. बाबू म्हणजे मुलाचा लॅब्रडोर. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि कुत्रा डिचोलीत आमच्या गळ्यात राहिला. सासूबाई जपाची माळ बाजूला ठेवून ओरडल्या, "अगं, जैनाच्या दारात जीव मारला यानं!" मी हात पुढे केला. त्याने ती अलगद माझ्या ओंजळीत सोडली. भिजली होती, धडधडत होती, पण अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. वईपलीकडे सोडली तशी तुरुतुरु पळाली.

सासूबाईंनी त्या दिवशी उपास धरला आणि "हा कुत्रा कुणाला तरी देऊन टाका" असे बजावले. मी मात्र पुस्तकांत शिरले. शिकारीसाठी घडवलेल्या जातीचा हा कुत्रा, मग चावला कसा नाही?

लॅब्रडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे. गोठवणाऱ्या पाण्यात उडी मारून गळातून निसटलेला मासा नि दोऱ्या ओढून आणायच्या, हे त्यांचे काम. एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या जमीनदारांनी त्यांना बंदुकीने पाडलेले पक्षी उचलून आणायला लावले. असे आणणारे कुत्रे ते रिट्रीव्हर. कुणाचा कुत्रा सरस हे ठरवायला 1899 साली इंग्लंडमध्ये रिट्रीव्हरांची फील्ड ट्रायल, म्हणजे रानातली स्पर्धा, सुरू झाली.

ही परीक्षा मोठी मजेशीर. बंदूक कानाशी कडाडली तरी कुत्र्याने जागचे हलायचे नाही. हुकमाआधी धावला, तर बाद. नुसते कुईकुई केले तरी बाद! पक्षी कुठे पडला हे कधी त्याने स्वतः पाहून लक्षात ठेवायचे, कधी न पाहिलेल्या जागी मालकाच्या शिटीवर नि हाताच्या खुणेवर जायचे. आणलेला पक्षी पंच हातात घेऊन बोटांनी त्याच्या बरगड्या चाचपतात. कुत्र्याच्या चावण्याने त्या चिरडलेल्या निघाल्या तर 'कडक तोंडाचा' म्हणून तो गेला. मी ओंजळीत पाणकोंबडी चाचपली ती अगदी अशीच की!

पुढे अमेरिकेत 1980 नंतर 'हंट टेस्ट' निघाल्या. तिथे नंबर काढायचा नाही; ठरलेली पातळी गाठली की पास, मग सगळेच का होईनात. आपल्या मुलांच्या परीक्षाही अशा असत्या तर कितीतरी आया रात्री झोपल्या असत्या.

या पुरुषी खेळात एक बाई ठळक दिसते. पुढे लेडी हाऊ म्हणून ओळखल्या गेलेल्या लॉर्ना. 1916 साली इंग्लंडमधला लॅब्रडोर क्लब उभा करण्यात त्या होत्या. बोलो नावाचा एक बदनाम कुत्रा, शिकवणाऱ्यांनी हात टेकलेला, त्यांनी घरी आणला. तो रानातल्या स्पर्धेतही आणि देखणेपणाच्या प्रदर्शनातही, असा दोन्हीकडे चॅम्पियन ठरलेला पहिला लॅब्रडोर झाला.

सासूबाईंना हे सांगितले. म्हणाल्या, "इंग्रजांची थेरं!" पण कुत्र्याला शिकारीवर सोडणे काही इंग्रजांनी आणले नाही. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा एक शिलालेख आहे, साधारण 949-50 सालचा. तेव्हा आपले कोकणही राष्ट्रकूटांच्याच छत्राखाली होते. चोळांशी झालेल्या लढाईत पराक्रम केलेल्या मनलर या वीराने बक्षीस म्हणून 'काळी' नावाचा कुत्रा मागून घेतला. काळीला रानडुकरावर सोडले, दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या आठवणीत दगड उभारला, जमीन नेमून दिली आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला कुत्र्याचे पाप लागेल असे कोरले. मनलर हा गंग राजा बुतुगाच्या पदरचा. याच गंग घराण्याच्या मंत्र्याने, चामुंडरायाने, पुढे श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती घडवून घेतली. सासूबाईंनी दोन वेळा पाय धुतलेत त्या मूर्तीचे. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या.

मलाही ते मऊ तोंड निर्मळ वाटत नाही. ती दया नव्हती. पक्षी ताटात अखंड यावा एवढीच त्या जमीनदारांची काळजी. हे मऊपण पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवले ते मेलेल्या पाखरांवर. पण बाबूला त्यातले काय ठाऊक? त्याला फक्त आणून द्यायचे असते.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने रानातली शिकार बंद झाली. इंग्लंडमध्येही काही परीक्षा नुसत्या कापडी गुंडाळ्या फेकून घेतात. ते वाचल्यावर मी घरातच एक गुंडाळी शिवायला घेतली. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मग स्वतःच्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून माझ्याकडे टाकला आणि म्हणाल्या, "घट्ट शीव. आणि शेताकडे नको, अंगणात फेक."