मिलिंदाचा प्रश्न आणि अदृश्य ईश्वर

गुलमंडी ही छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, जुनी बाजारपेठ. तेथील सुपारी हनुमानाच्या मंदिरात भाविकांची ये-जा अखंड चालू असते. त्याच शहरात, जुन्या वस्तीबाहेर, नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. महाविद्यालयास मिलिंदाचे आणि परिसरास नागसेनाचे नाव मिळाले; म्हणजे एक नाव प्रश्न विचारणाऱ्याचे, दुसरे उत्तर देणाऱ्याचे. जो दिसत नाही तो आहे कशावरून, हाही त्या प्रश्नांपैकीच एक होय.

ईश्वराच्या अदृश्यतेचा विचार दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात आला आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्रह्माशी एकरूप होण्याच्या खऱ्या मार्गाविषयी वाद घालीत तथागतांकडे येतात. त्या ब्राह्मणांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी किंवा सात पिढ्यांपर्यंतच्या पूर्वाचार्यांपैकी कोणी ब्रह्म्यास प्रत्यक्ष पाहिले आहे काय, असे तथागत विचारतात. उत्तर नकारार्थी येते. मग न पाहिलेल्याकडे जाणारा मार्ग दाखविणे म्हणजे प्रासाद कोठे आहे हे ठाऊक नसताना चौरस्त्यावर त्याचा जिना बांधणे होय. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा हे धम्माचे अंग नव्हे, हे सांगताना याच संवादाचा आधार घेतला.

मात्र येथे एक अडचण उभी राहते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद; मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात तो हीच कसोटी बुद्धास लावतो. तुम्ही अथवा तुमच्या आचार्यांनी बुद्धास पाहिले नाही, तर बुद्ध नव्हताच, असे तो म्हणतो. नागसेन त्यास हिमालयातील ऊहा नदीविषयी विचारतो. राजाने ती पाहिली नव्हती, त्याच्या पित्यानेही नव्हती. तरी ती नाही असे त्यास म्हणवत नाही. ईश्वरवादी म्हणेल, हेच उत्तर आमच्या देवासही लागू आहे.

आमच्या मते ते तसे लागू होत नाही. केवळ न दिसणे हा नसण्याचा पुरावा नव्हे, हे खरे. परंतु नदीपर्यंत जाता येते. शिवाय नागसेन तेथेच थांबत नाही. विझलेल्या ज्योतीप्रमाणे बुद्ध येथे किंवा तेथे दाखविता येत नाही. तो धम्मावरून ओळखावा, असे तो पुढे सांगतो. उपदेशावरून उपदेशकाचे अनुमान करण्यास अलौकिक काही मानावे लागत नाही. आणि तो उपदेश प्रत्येकाने स्वतः पारखावयाचा असतो. तेविज्ज सुत्ताचा शेवटही नुसत्या नकारात होत नाही. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांची भावना हाच मार्ग म्हणून तेथे सांगितला आहे. तिचा अनुभव याच जन्मी घेता येतो.

ही कसोटी इतरांनाच लावून भागणार नाही. याच शहराजवळच्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात अग्नी, सिंह, हत्ती, जहाजबुडी अशा संकटांतून भक्तांना सोडविणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. इ. स. च्या सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे शिल्प अप्रतिम आहे. पण न दिसणाऱ्या तारकाची ओढ बौद्ध परंपरेतही कशी शिरली, याची ती साक्ष आहे. भयभीत माणसाच्या त्या गरजेचा उपहास करणे मैत्रीला शोभणार नाही. तथापि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेत देव नाकारलेल्या समाजाने विहारातील मूर्तीपुढे, किंवा बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे, नवस बोलणे म्हणजे चौरस्त्यावर पुन्हा तोच जिना उभारणे होय. वंदना हे कृतज्ञतेचे आणि निश्चयाचे कर्म आहे. तीत मागणे नाही. हा भेद मुलांना समजावून सांगणे हे विहारांचे आजचे काम आहे. मुले मिलिंदाप्रमाणे उलट प्रश्न विचारू लागली, तर त्यांना गप्प बसवू नये.